पावती फाड

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं आठ पानी पत्र काल दोनदा वाचलं. सात पानं जुन्या कचेरीत कलाकारांना कामासाठी द्यायच्या खोल्यांच्या वाटपावर आहेत. खोल्या चौदा, अर्ज एकतीस, उत्तरेच्या उजेडाच्या खोल्या चारच, त्या चारींवर अकरा जणांचा डोळा, भट्टीवाल्याला मागची पडवी दिली तर शेजारच्या तबलेवाल्याची कुरकुर. आणि आठव्या पानाच्या तळाशी, जाता जाता लिहावं तसं: ‘नगरपालिकेचे मुख्याधिकारी साहेब चांगले आहेत. म्हणाले, भाडंबिडं काही नको, कागदाच्या भानगडीत पडू नका, जुनी कचेरी पडूनच आहे, वापरा. त्यामुळे पैशाचा प्रश्न तरी मिटला.’

मिटला नाही. तिथेच तो सुरू झाला. तेव्हा तुझी सात पानं तूर्त बाजूला ठेवतो आणि या दोन-तीन ओळींना उत्तर देतो.

जुन्या इमारती का जपाव्यात, गावाला कलेची गरज काय, हे मी तुला लिहिणार नाही. ते तुला कळत नसतं तर इंटरमिजिएटच्या वर्षी स्मरणचित्रावरून मी तुला तेवढं झापलं नसतं. कळणाऱ्यालाच झापावंसं वाटतं. सांगायचं आहे ते एकच आहे आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. फुकट घेऊ नकोस आणि फुकट देऊ नकोस. भाडं भर, पावती घे. भाडं घे, पावती फाड.

आमच्या गावचा जुना दवाखाना तू पाहिलेला नाहीस. तू पाचवीत आलीस तेव्हा तिथे व्यापारी संकुल होतं, खाली मोबाईलवाला, वर क्लासेस. त्याआधी त्या जागी काळ्या दगडाची बैठी इमारत होती. दारावरच्या दगडात १९११ कोरलेलं, पुढे लाकडी खांबांचा लांब व्हरांडा, वर मंगळुरी कौलं. गावाबाहेर सरकारी रुग्णालय झालं आणि नगरपालिकेचा हा दवाखाना बंद पडला. आधी खाटा भंगारात गेल्या, मग पंखे, मग दारांच्या बिजागऱ्या. १९९४ साली आम्ही आत शिरलो तेव्हा ऑपरेशनच्या खोलीत पिंपळ होता. छतापर्यंत पोचलेला.

आम्ही म्हणजे सहा जण. मी चित्रकला शिक्षक. एक पाट्या रंगवणारा पेंटर, त्याची अक्षरं अजून गावातल्या दोन दुकानांवर आहेत. एक मुद्राचित्रं करणारा, म्हणजे पत्र्यावर चित्र कोरून ते कागदावर छापणारा, त्याचं दोन माणसांना न उचलणारं प्रेस भावाच्या गोठ्यात गंजत होतं. एक फोटोग्राफर, एक पेटी दुरुस्त करणारा. आणि माझा मूर्तिकार मित्र. इमारत त्याच्यामुळे मिळाली. तेव्हाच्या नगराध्यक्षांच्या वडिलांचा अर्धपुतळा त्यानं केला होता, तो त्यांना इतका आवडला की पुतळ्याचे पैसे राहिले आणि बदल्यात दवाखान्याची किल्ली मिळाली. ‘घ्या, साफ करा, काय चित्रंबित्रं काढायची ती काढा.’ ठराव नाही, करार नाही. आम्ही किती खूश होतो! सहा जणांत एका कागदाची मागणी करण्याइतकी अक्कल कुणाला नव्हती. म्हणजे मला होती, पण बोललो नाही. एवढ्या भल्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे त्याचा अपमान, असं वाटलं. तुलाही आज असंच वाटतंय ना?

दवाखाना हा कामाच्या जागेसाठी फार छान सांगाडा असतो, हे आम्हाला आत गेल्यावर कळलं. ड्रेसिंगच्या खोलीत पांढऱ्या फरशा, मोठी मोरी, उताराची जमीन. ॲसिडची कामं करणाऱ्या मुद्राचित्रकाराला याहून काय हवं? ऑपरेशनच्या खोलीला उत्तरेला चार उंच खिडक्या, दिवसभर एकसारखा उजेड. शंभर वर्षांपूर्वी सर्जनला जो उजेड लागायचा तोच चित्रकाराला लागतो. केसपेपरची लाकडी खिडकी दाराजवळ होती, खाली हात जाईल एवढी अर्धगोल फट. तिथे आम्ही नोटिसा चिकटवायचो.

उरली बाळंतपणाची खोली. ती कुणाला द्यायची यावर आमची तीन आठवडे भांडणं चालली होती, तुझ्या सात पानांसारखीच. एक दिवस चार बायका गोधड्यांची गाठोडी घेऊन आल्या आणि सरळ तिथे जाऊन बसल्या. त्यांच्यातल्या थोरलीला मी विचारलं, इथे कसं काय? ती म्हणाली, ‘ह्याच खोलीत माझी तिन्ही झाली. आता मला इथं बसाया तुमची परवानगी लागती व्हय?’

मी गप्प बसलो. गोधडीला टाका घालायला त्यांच्या घरात चार हात मोकळी जमीन नव्हती, इथे होती. महिनाअखेरीस ती केसपेपरच्या खिडकीशी आली आणि त्या फटीतून दहाची नोट आत सरकवली. मी म्हटलं, तुमच्याकडून काय घ्यायचं, मावशी, राहू द्या. तिनं नोट उचलली नाही. म्हणाली, ‘घ्या मास्तर, आन् कागुद द्या. न्हाईतर उद्या उठवाल.’

मी त्या दिवशी बाजारातून पावतीपुस्तक आणलं. पावती क्रमांक १ तिच्या नावावर आहे. जे तुला मी माझं तत्त्व म्हणून शिकवतोय ते त्या अंगठेबहाद्दर बाईचं आहे.

पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना भाडं लावलं. गोधडीवाल्यांना माणशी दहा, आम्हाला शंभर, मूर्तिकाराला दोनशे, कारण त्याची खोली सर्वांत मोठी आणि वर मागची शेड. पैशांतून शाकारणी व्हायची, दिवाबत्ती व्हायची. पण खरा फरक पैशाचा नव्हता. पावती फाडायला लागल्यापासून माणसं खोलीत यायला लागली. फुकट होती तोवर दोन खोल्यांना कुलपं होती, आत कुणाची तरी जुनी कपाटं आणि लग्नातली भांडी. शंभर रुपये मोजणारा माणूस आठवड्यातून चार दिवस तरी येतो, नाहीतर खोली सोडतो. दोन्हींत फायदाच. आणि गोधडीवाली मावशी त्या व्हरांड्यातून ज्या ताठ मानेनं चालायची ती दहा रुपयांची होती. फुकट बसवलं असतं तर ती आम्हाला दर वेळी नमस्कार करत बसली असती.

तुझे मित्र म्हणतात, भाडं घेणं म्हणजे कलेचा बाजार मांडणं. त्यांना माझा निरोप सांग. बाजार फुकटाचा असतो, मेहेरबानीचा असतो. त्यात देणाऱ्याचा फोटो भिंतीवर लागतो आणि घेणाऱ्यानं त्याच्या वाढदिवसाला यायचं असतं. पावती हा बरोबरीचा कागद आहे. हे त्यांना पटलं नाही तर त्यांना खोल्या देऊ नकोस, वाद घालण्यासाठी चहाची टपरी पुरते.

आता मूर्तिकाराचं लिहितो. टाळणार होतो.

त्यानं पहिले चार महिने भाडं दिलं, हसत हसत, ‘मास्तरांचं खातं’ म्हणत. मग थांबला. मी मागितलं की म्हणायचा, ‘अरे, इमारत आणली कुणी?’ खरं होतं ते. त्याच्याशिवाय आम्ही कुणीच तिथे नसतो. पण पेंटर शंभर भरत होता, आणि पेंटरच्या घरी कधी कधी चूल पेटायची नाही. सहा महिने गेले, आठ गेले, अकरा गेले. मग एक दिवस गोधडीवालीनं मला विचारलं, ‘त्यास्नी कागुद न्हाई का लागत?’ बस, तेवढंच. त्या शनिवारी मी त्याच्या खोलीचं कुलूप बदललं.

त्याचं सामान मी बाहेर फेकलं नाही. गावात तसं सांगतात, ते खोटं आहे. मी आणि पेंटरनं त्याचे सगळे साचे एकेक करून व्हरांड्यात, भिंतीच्या कडेला, पोत्यांवर नीट ठेवले. मे महिना होता. दोन दिवसांनी वळीव आला. वळीव सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो, व्हरांडा शेवटपर्यंत भिजला. प्लास्टरचे साचे ओले झाले की त्यांच्या कडा जातात, बोटानं खरवडलं तरी पीठ निघतं. गणपतीचे साचे होते. हंगाम तोंडावर. नवे करायला त्याच्याकडे वेळही नव्हता आणि पैसाही. त्यानं तेच वापरले. त्या वर्षी त्याच्या मूर्तींना धार नव्हती, डोळे भरलेले, बोटं एकमेकांत मिसळलेली. गावात सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. २०१६ ला गेला. दहाव्याला गेलो होतो. त्याच्या मुलानं चहा दिला, कपबशीत, नीट. काही बोलला नाही.

बायको म्हणायची, तुम्ही स्वतः त्याचे पैसे भरायचे होते. शिक्षकाला पगार होता, भरू शकलो असतो. मग पावती कुणाच्या नावावर फाडली असती? त्याच्या? ती खोटी झाली असती. माझ्या? मग खोली माझी झाली असती. मी हे तिला वीस वर्षं समजावत होतो. मी चुकलो नव्हतो. कुलूप बदलण्यात चुकलो नव्हतो. साचे आत कुठेतरी ठेवायला हवे होते. ड्रेसिंगच्या खोलीत जागा होती.

असो.

२००३ साली नगरपालिकेनं दवाखाना पाडून संकुल बांधायचं ठरवलं. माणसं बदलली होती, नगराध्यक्ष दुसरेच होते. सभेत एक सदस्य म्हणाले, इमारत ओसाड पडली आहे, गैरवापर होतोय. तेव्हा गोधडीवाल्या मावशी पाठीमागून उठल्या, बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन पुढे गेल्या आणि टेबलावर उपडा केला. नऊ वर्षांच्या पावत्या. एकही महिना चुकलेला नाही. सभागृह दोन मिनिटं गप्प होतं. मला वाटलं, जिंकलो.

मग कारकुनानं नगरपालिकेची मागणी-वसुलीची नोंदवही उघडली. त्यात आमचं नाव नव्हतं. असणार कसं? आम्ही नगरपालिकेला कधी एक रुपया भरला नव्हता. त्यांनी मागितला नाही, आम्ही दिला नाही. मालमत्तेच्या यादीत त्या इमारतीपुढे एकच शब्द होता: ‘रिकामी’. नऊ वर्षं पंधरा-सोळा माणसं तिथे काम करत होती आणि दप्तरी ती रिकामी होती. मावशींच्या पावत्या आम्ही फाडलेल्या, आणि आम्ही कोण? कुणीच नाही. ज्याला स्वतःलाच जागा फुकट मिळाली आहे त्याच्या पावतीला काय किंमत?

एवढ्यासाठी म्हणतोय, आधी वरची पावती घे. मग खालची फाड. मी खालची फाडली, वरची घेतली नाही. अर्ध्या तत्त्वावर नऊ वर्षं चाललो.

म्हणून उद्याच साहेबांकडे जा. त्यांना सांग, आम्हाला फुकट नको, भाडं ठरवा. ते हसतील. हसू देत. साहेब चांगले आहेत आणि चांगल्या साहेबांची बदली होते. सर्वसाधारण सभेचा ठराव मागून घे आणि त्याचा क्रमांक तुझ्या वहीत लिही. नगरपालिकेला आपली स्थावर मालमत्ता लांब मुदतीनं परस्पर देता येत नाही, वरची मंजुरी लागते. त्यात वेळ जाईल, जाऊ दे. मुदत एक वर्षापेक्षा अधिक असेल तर भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, १९०८ च्या नोंदणी कायद्यात ते स्पष्ट आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवर सह्या करून घरी येऊ नकोस. आणि भाडं वर्षाचं एकदम भरू नकोस. दर महिन्याला स्वतः खिडकीवर जाऊन भर. वर्षाला बारा पावत्या, बारा वेळा त्यांच्या वहीत तुमचं नाव.

मुंबईत वकील आणि काँग्रेसचे पुढारी भुलाभाई देसाई यांच्या पश्चात त्यांच्या वॉर्डन रोडवरच्या बंगल्यात त्यांच्या नावाची संस्था होती. पन्नास-साठच्या दशकात तिथे गायतोंडे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार काम करायचे, अल्काझींच्या नाटकमंडळींचा वावर होता, रविशंकरांची किन्नरा ही संगीतशाळा तिथेच. माझ्या तरुणपणी मुंबईहून आलेले चित्रकार त्या जागेबद्दल बोलताना डोळे मिटायचे. एका घराचा मोठेपणा होता तो, भुलाभाईंच्या सूनबाई माधुरी देसाई यांचा जीव त्यात होता. त्या गेल्या, काळ बदलला, त्या जागी उंच इमारत आली. रस्त्याला भुलाभाईंचं नाव राहिलं. मनाच्या मोठेपणावर उभी असलेली जागा त्या मनाबरोबर जाते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. तूही ऐकत नसशील.

उलट बाजूचं सांगतो. २०११ साली मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा तिनं मला वॉशिंग्टनजवळ अलेक्झांड्रियाला नेलं. पोटोमॅक नदीच्या काठावर एक जुना सरकारी कारखाना आहे. १९१८ साली पहिलं महायुद्ध संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं बांधकाम सुरू झालं, आणि तिथे पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, बनायचे. नंतर कारखाना बंद होऊन त्याचं गोदाम झालं. १९६९ मध्ये शहरानं इमारत विकत घेतली. १९७४ मध्ये चित्रकार मंडळींनी स्वतः झाडू हातात घेतले, ट्रक भरभरून कचरा काढला आणि कामाच्या खोल्या केल्या. नाव अजून तेच आहे, टॉर्पेडो फॅक्टरी. खोल्यांना मोठ्या काचा, दारं उघडी, लोक येतात, काम चालू असताना बघतात, विचारतात. मी एका मुद्राचित्र करणाऱ्या बाईंना विचारलं, भाडं भरता? माझं इंग्रजी त्यांना कळायला वेळ लागला. मग हसून म्हणाल्या, दर महिन्याला, आणि दर महिन्याला शिव्या देत. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तिथेही शहर आणि चित्रकार यांच्यात सतत तणातणी चालते, खोल्या कुणाला, किती लोक यायला हवेत, कारभार कुणाचा. चालायचंच. पण भांडणारे दोघंही वहीत आहेत.

दिल्लीची गढी तुला माहीत असेल. ललित कला अकादमीनं १९७६ मध्ये एका जुन्या तटबंदीच्या आवारात कलाकारांसाठी कार्यशाळा केल्या. आपल्याकडचं हे सर्वांत मोठं उदाहरण. मातीकामाच्या भट्ट्या, दगडाचं अंगण, छापखाना, सगळं एका तटाच्या आत. तिथून किती माणसं घडली याची गणती नको. पण एकदा मिळालेली खोली कधी सोडायची, यावरून तिथेही वर्षानुवर्षं वाद झाले. तेव्हा पावतीवर मुदत लिही. तीन वर्षं. तीन वर्षांनी पुन्हा अर्ज, मग तो कुणीही असो. तू स्वतः असलीस तरी.

भाडं किती, असं विचारशील. पाचशे धर. चौदा खोल्यांचे महिन्याला सात हजार, वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. नगरपालिकेचं भाडं, शाकारणी आणि सामाईक वीजबिल ओढूनताणून भागेल. ज्याच्याकडे पाचशे नाहीत त्यानं दोन दिवस काम करावं, कौलं उतरवावी, शनिवारी पोरांना शिकवावं. पण त्याचीही पावती फाड. ‘श्रमदान’ असं गोड नाव देऊन सोडून देऊ नकोस. ‘दोन दिवस काम, रुपये पाचशे, मिळाले’ असं लिहून सही कर. माफी कुणालाही नाही. हे निर्दय वाटेल. तू लोकांना आवडणारी मुलगी आहेस, नाही म्हणताना तुझा आवाज बारीक होतो, मला माहीत आहे. म्हणूनच पावतीपुस्तक. पुस्तकाला आवाज नसतो.

तुझ्या आर्किटेक्टचं काय करायचं, हेही तू विचारलं आहेस. त्याला तळमजल्यावर कॅफे हवा, पांढऱ्या भिंती हव्यात, उद्घाटनाला मंत्री हवा. त्याच्या डोळ्यासमोर मुंबईचं कावसजी जहांगीर सभागृह दिसतं. १९९६ मध्ये तिथे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय झालं, आतून सगळं नवं केलं. उत्तम झालं. पण तिथे झालेली चित्रं टांगतात. तुझ्याकडे व्हायची आहेत. होणाऱ्या चित्राला टर्पेंटाईनचा वास असतो, जमिनीवर डाग पडतात, मातीवाल्याची मोरी तुंबते. त्याला म्हणावं, डाग पडलेले चालतील अशी जमीन दे आणि मोरीला गाळ काढायची टाकी दे. कॅफेचं नंतर बघू. आणि त्या भिंती चुन्याच्या आहेत, त्यांवर सिमेंटचा गिलावा करायला निघाला तर हात धर. ओल आत कोंडते आणि चार पावसाळ्यांत पोपडे पडतात. जुन्या गवंड्यांपैकी कुणी असेल तर शोधून आण.

विजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह एका रात्रीत जळालं. शाहू महाराजांनी उभं केलेलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. जुनं लाकूड एकदा धरलं की थांबत नाही. तुझ्या कचेरीतला सागवानी जिना मी पाहिला आहे, तिथे एकदा चित्रस्पर्धेचं परीक्षण करायला आलो होतो. भट्टीसाठी थ्री फेज वेगळी ओढ, कचेरीच्या जुन्या वायरीवर तिला जोडू नकोस. जवसाच्या तेलाचे बोळे बादलीत गोळा करून ठेवायची चित्रकारांची सवय मोड. ते बोळे आपोआप पेट घेतात. वाळत घाल किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात टाक.

वाटपाच्या सात पानांबद्दल तू अजून वाट बघत असशील. मी उत्तर देणार नाही. भाडं लावल्यावर एकतीस अर्जांचे किती राहतात ते बघ आणि मग मला लिही. माझा अंदाज आहे, एकोणीस. उत्तरेच्या खोल्यांवरच्या अकरा डोळ्यांतले पाच मिटतील.

आणि तुझं ते वाक्य, ‘सर, चित्र काढायचं सोडून मी हे काय करत बसले आहे?’ मीही वीस वर्षं तेच विचारत होतो. नऊ वर्षं दवाखान्यात आणि अकरा वर्षं त्याच्या आठवणीत. चांगल्या चित्रांची वर्षं होती ती. तुला खोटं सांगत नाही, ती परत आली नाहीत. तेव्हा तुझीही एक खोली घे, पाचशे भर, पावती स्वतःला फाड आणि सकाळचे दोन तास तिथे दार लावून बस. साहेब आले तरी उघडू नकोस.

तुझा,
मास्तर

ता. क. कौलं मेच्या पहिल्या पंधरवड्यात शाकारून घे. वळिवाची वाट बघू नकोस. आणि लोकांचं सामान व्हरांड्यात ठेवू देऊ नकोस, कुणाचंही, एक दिवससुद्धा.

सोबत बावीसशे रुपये पाठवतोय. पावतीपुस्तकातली पहिली पावती याची फाड. नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं आहे, माझं नाही. ‘मागील थकबाकी’ असं लिही आणि पावती मला पाठव.